जुन्या प्रशिक्षकाची जागा माजी खेळाडूकडे सोपवताना

१० ऑगस्ट १९७४ रोजी इंग्लिश फुटबॉलच्या हंगामाची सुरुवात करणाऱ्या चॅरिटी शील्डच्या सामन्यासाठी लिव्हरपूल आणि लीड्स युनायटेड हे संघ वेम्बलीच्या मैदानात उतरले, तेव्हा दोन्ही क्लबांनी आपापला वर्षानुवर्षांचा प्रशिक्षक नुकताच गमावलेला होता. लिव्हरपूलच्या रांगेत सर्वांत पुढे बिल शँक्लीच चालत होते. साडेचौदा वर्षांनंतर त्यांनी पद सोडून महिनाही उलटला नव्हता, आणि संघाला मैदानात घेऊन येण्याचा मान त्यांना शेवटचा म्हणून दिला गेला होता. त्यांच्या जागी नेमलेल्या बॉब पेझ्लींकडे त्या दिवशी फारसे कोणी पाहिले नसेल. लीड्सच्या रांगेपुढे ब्रायन क्लफ होते. तेरा वर्षांनी पायउतार झालेल्या डॉन रेव्ही यांनी संघातल्याच जॉनी जाइल्स यांचे नाव सुचवले होते, पण संचालकांनी ते डावलून बाहेरचा माणूस आणला. क्लफ ४४ दिवस टिकले. लिव्हरपूलचेच माजी खेळाडू असलेले पेझ्ली नऊ हंगाम राहिले आणि त्यांनी सहा लीग विजेतीपदे व तीन युरोपियन कप जिंकले.

यावरून 'घरचा माणूस बरा' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु त्याआधी पाचच वर्षे मँचेस्टर युनायटेडने मॅट बझ्बी यांच्यानंतर विल्फ मॅकगिनेस या घरच्याच माणसाला नेमले होते आणि दीड वर्ष उलटताच त्यांना दूर करावे लागले होते. पेझ्ली आणि मॅकगिनेस दोघेही माजी खेळाडू होते, दोघांनीही निवृत्तीनंतर त्याच क्लबात पडेल ते काम केले होते आणि दोघांच्याही डोक्यावर एका दंतकथेची सावली होती. फरक पडला तो सत्ता कशी हस्तांतरित झाली यात. म्हणून ज्या संचालक मंडळावर अशी नेमणूक करण्याची वेळ आली आहे, त्याने माणूस निवडण्यावर जितका वेळ खर्च करायचा, त्याहून अधिक वेळ खुर्ची खरोखर रिकामी करण्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. पुढचे सर्व विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

तयारी कधी सुरू करावी

जुना प्रशिक्षक राजीनामा देईल त्या दिवशी नव्हे, तर त्याच्या शेवटच्या करारावर सही होते त्या दिवशी. दोन-तीन वर्षे हाताशी असतील तर माजी खेळाडूला पारखता येते, त्याला पडू देता येते आणि तो अपात्र ठरला तर कोणाच्याही अब्रूला धक्का न लागता बाजूला करता येते. आयत्या वेळी केलेली निवड ही बहुधा गर्दीला शांत करण्यासाठी केलेली निवड असते.

जर्मनीतील फ्रायबुर्ग क्लबाने २०२४ मध्ये केलेले हस्तांतर या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. ख्रिस्टियान श्ट्राइश २०११ च्या डिसेंबरअखेरीपासून मुख्य प्रशिक्षक होते. मार्च २०२४ मध्ये त्यांनी हंगामाअखेर थांबण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लबाने माजी कर्णधार युलियान शुस्टर यांचे नाव सांगितले. शुस्टर २०१८ मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावर क्लबातच राहिले होते आणि अकादमी व मुख्य संघ यांच्यातील दुवा म्हणून प्रशिक्षकपद सांभाळत होते. त्यामुळे अकादमीतून वर येणारे मुलगे त्यांना खेळाडू म्हणून कमी आणि शिकवणारा म्हणून अधिक ओळखत होते. पहिल्याच हंगामात संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, पाचवा आला. या सगळ्यात चमत्कार काहीच नाही. काही दिवसांत नाव जाहीर करता आले, कारण उत्तर आधीच तयार होते.

माणूस कसा पारखावा

चाहत्यांच्या मनातला माजी खेळाडू आणि प्रशिक्षक होण्यास लायक माजी खेळाडू हे पुष्कळदा दोन वेगळे इसम असतात. निवड समितीने सर्वप्रथम हे पाहावे की बूट खुंटीला टांगल्यानंतर या माणसाने काय केले. पेझ्ली १९५४ मध्ये निवृत्त झाले आणि राखीव संघाचे ट्रेनर, फिजिओ, सहायक अशा पायऱ्यांवर त्यांनी वीस वर्षे काढली. पेप ग्वार्डिओला यांच्याकडे मुख्य संघ सोपवण्याआधी बार्सिलोनाने त्यांना २००७-०८ चा संपूर्ण हंगाम 'ब' संघावर राबवले, तोही स्पेनच्या चौथ्या श्रेणीत, जिथे मैदान लहान, प्रेक्षक मोजके आणि प्रतिस्पर्धी दांडगट असतात. त्यांनी त्या संघाला बढती मिळवून दिली. याउलट युव्हेंटसने २०२० च्या जुलैअखेरीस आंद्रेआ पिर्लो यांना २३ वर्षांखालील संघासाठी नेमले आणि जेमतेम नऊ दिवसांनी, एकही सामना हाताळण्याआधी, मुख्य संघच त्यांच्या हवाली केला. पिर्लो यांनी त्या हंगामात इटालियन कप आणि सुपरकप जिंकले, हे खरे. परंतु सलग नऊ वर्षे युव्हेंटसकडे असलेले लीग विजेतेपद हातचे गेले, संघ चौथा आला आणि वर्ष संपताच त्यांनाही निरोप मिळाला. खेळाडू म्हणून त्यांची दृष्टी अजोड होती, यावर दुमत नाही. ती दृष्टी इतरांना शिकवण्याची सवय मात्र नऊ दिवसांत लागत नाही.

मुलाखतीत फारसे काही कळत नाही. त्याऐवजी मंडळातील एका जाणत्या माणसाने राखीव संघाच्या सरावाला, कोणालाही न सांगता, चार-पाच वेळा जाऊन बसावे. सहा जणांचा चेंडू राखण्याचा साधा सराव चालू असताना हा प्रशिक्षक खेळ किती वेळा थांबवतो, हे मोजावे. जो दर अर्ध्या मिनिटाला शिट्टी वाजवतो त्याला खेळाडूंनी विचार करावा असे वाटत नाही, आणि जो पंधरा मिनिटे एकदाही थांबवत नाही त्याला बहुधा काही दिसलेलेच नसते. तो थांबवल्यावर काय करतो हेही पाहण्यासारखे असते. काही माजी खेळाडू चेंडू स्वतःच्या पायाखाली घेतात, सुरेख पास देऊन दाखवतात आणि 'असे करायचे' म्हणून मोकळे होतात. अठरा वर्षांच्या बचावपटूच्या दृष्टीने हे प्रात्यक्षिक निरुपयोगी असते, कारण पास कसा द्यावा हे त्याला कळत असते. तो देण्यापूर्वी मान केव्हा वळवायची आणि कोणाकडे पाहायचे, हे त्याला हवे असते. जो प्रशिक्षक त्या मुलाचा खांदा धरून त्याला दोन पावले मागे उभे करतो आणि 'आता तुला काय दिसते' असे विचारतो, त्याच्या नावापुढे खूण करावी.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. संघातून वगळलेल्या खेळाडूंशी तो कसा बोलतो, याची चौकशी त्या खेळाडूंकडेच करावी. निर्णय पटला नाही तरी कारण कळले, असे त्यांच्यापैकी बहुतेक जण म्हणत असतील तर माणूस योग्य आहे. वगळल्याचे फलकावर यादी लागली तेव्हाच समजले असे ते म्हणत असतील, तर त्याला अजून एक वर्ष खाली ठेवावे.

परवान्याची बाब थोडक्यात आटोपता येईल, पण विसरू नये. बहुतेक व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाला आपल्या खंडीय महासंघाचा सर्वोच्च, म्हणजे 'प्रो' दर्जाचा परवाना लागतो; तो मिळवण्याआधी 'ए' परवाना लागतो आणि अभ्यासक्रमाला सामान्यतः वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. उमेदवाराचे नाव त्या अभ्यासक्रमात आजच घालावे. झिनेदिन झिदान यांच्यासारख्या नामवंताच्याही पात्रतेवर २०१४ मध्ये, ते रेआल माद्रिदच्या राखीव संघावर असताना, आक्षेप घेतला गेला होता.

अधिकार आधी, पद नंतर

उमेदवाराला नुसते 'सहायक' म्हणून बाकावर बसवून ठेवल्याने तो तयार होत नाही. त्याला असे एखादे काम द्यावे ज्याचे यशापयश स्पष्ट दिसते आणि ज्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही: उदाहरणार्थ कॉर्नर आणि फ्री किकची संपूर्ण जबाबदारी, किंवा दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूंची पूर्वतयारी. हंगामातील दोन-तीन कमी महत्त्वाचे कप सामने पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावेत, संघनिवडीसह. या सामन्यांत तो एकदा तरी हरावा, अशी मनातून इच्छा ठेवावी. पराभवानंतर ड्रेसिंग रूमचे दार बंद झाल्यावर तो काय बोलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला किती वाजता येतो, हे पाहण्याची संधी विजयात मिळत नाही.

याच काळात जुन्या प्रशिक्षकाकडूनही एक काम करून घ्यायचे असते, आणि हे काम सहसा टाळले जाते. ज्या खेळाडूंचे वय झाले आहे, त्यांना निरोप देण्याचा वाईटपणा जाणाऱ्याने पत्करावा. बझ्बी यांनी १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला तो ज्या खेळाडूंच्या बळावर, त्यांतील अनेक जण तिशीच्या आसपास पोहोचलेले होते, आणि तोच संघ पुढच्या वर्षी मॅकगिनेस यांच्या पदरात पडला. मॅकगिनेस तेव्हा ३१ वर्षांचे होते. बॉबी चार्ल्टन आणि त्यांचा जन्म एकाच महिन्यातला, ऑक्टोबर १९३७ मधला. ज्याच्याबरोबर आपण मुलगे असताना एकाच संघात खेळलो, त्याला बाकावर बसायला सांगणे म्हणजे काय, याची कल्पना केली तरी पुरे. संघ मोडून नव्याने बांधण्याची गरज असेल आणि जुना प्रशिक्षक ते काम करायला तयार नसेल, तर माजी खेळाडूला त्या आगीत ढकलण्यापेक्षा एक-दोन हंगामांसाठी बाहेरचा माणूस आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. आर्सेनलने २२ वर्षे पदावर राहिलेल्या आर्सेन वेंगर यांच्यानंतर २०१८ मध्ये प्रथम उनाई एमेरी यांना आणले. माजी कर्णधार मिकेल आर्टेटा २०१९ च्या डिसेंबरमध्ये आले. हे ठरवून झालेले नव्हते, परंतु दंतकथेनंतरचा पहिला धक्का आर्टेटा यांना सोसावा लागला नाही, ही गोष्ट राहतेच.

जुन्या प्रशिक्षकाचे काय करावे

या प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे. बहुतेक क्लब ते देत नाहीत, कारण विषय नाजूक असतो आणि ज्याने क्लब उभा केला त्याच्यापुढे कागद ठेवणे कृतघ्नपणाचे वाटते. पण कागद नसला की सवय राज्य करते.

बझ्बी पद सोडल्यावर सरव्यवस्थापक म्हणून क्लबातच राहिले आणि मॅकगिनेस यांना 'मुख्य प्रशिक्षक' म्हटले गेले. मॅनेजर, म्हणजे संघाची पूर्ण सत्ता हाती असलेला माणूस, हा शब्द त्यांना लगेच मिळाला नाही. खेळाडूंनी या शब्दांचा अर्थ अचूक ओळखला. काही तक्रार असेल तर कोणाच्या दारावर टकटक करायची, हे त्यांना माहीत होते. मॅकगिनेस यांच्यानंतर १९७१ मध्ये बाहेरून आलेले फ्रँक ओ'फॅरेल यांनी पुढे सांगितले आहे की मॅनेजरची खोली अजून बझ्बींकडेच होती आणि आपल्याला वेगळी, लहान खोली दाखवण्यात आली. आपण खरी खोली मागून घेतली, पण संबंध तिथेच बिघडले. खोलीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तरीही हस्तांतराच्या कराराची पहिली ओळ खोलीविषयीच असावी: अमुक तारखेला जुने प्रशिक्षक खोली रिकामी करतील, भिंतीवरची छायाचित्रे क्लबाच्या खर्चाने त्यांच्या घरी पोहोचवली जातील आणि किल्ली नव्या प्रशिक्षकाच्या हातात दिली जाईल.

शँक्ली यांच्या बाबतीत उलट चूक झाली. पद सोडल्यावरही ते मेलवुडच्या सराव मैदानावर येत राहिले, खेळाडू त्यांना पूर्वीप्रमाणे 'बॉस' म्हणत राहिले, आणि पेझ्ली शेजारी उभे असत. शेवटी त्यांनी येऊ नये अशी अपेक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि ते दुखावले गेले. आपल्या क्लबापेक्षा इतर क्लबांत आपले अधिक अगत्य होते, अशी खंत त्यांनी पुढे व्यक्त केली. पेझ्ली टिकले, पण एका मोठ्या माणसाच्या मनात अढी बसली. ही किंमत टाळता येण्यासारखी होती.

दोन्ही उदाहरणांतून मधली वाट निघते. पहिल्या पूर्ण हंगामात जुन्या प्रशिक्षकाने सराव मैदानावर आणि ड्रेसिंग रूममध्ये येऊ नये, हे त्याच्याशी समोरासमोर बसून, अध्यक्षांनी स्वतः, आधीच ठरवून घ्यावे. त्याच बैठकीत त्याच्यासाठी काय राखून ठेवले आहे तेही सांगावे: सन्मानाचा सामना, एखाद्या स्टँडला नाव, अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमाचे प्रमुखपद, जे क्लबाला परवडेल आणि त्याला शोभेल ते. निरोप आणि निमंत्रण एकाच वेळी मिळाले की निरोप टोचत नाही. संचालकपद मात्र लगेच देऊ नये. नव्या प्रशिक्षकाला काढायचे की ठेवायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती जुना प्रशिक्षक बसलेला असेल, तर त्याची इच्छा नसली तरी प्रत्येक पराभवानंतर सर्वांचे डोळे त्याच्याकडेच वळतात. १९८६ ते २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेड चालवणारे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्तीनंतर संचालक म्हणून प्रेक्षकांत बसू लागले, तेव्हा डेव्हिड मॉइज यांच्या संघाने गोल खाल्ला की दूरचित्रवाणीचा कॅमेरा फर्ग्युसन यांच्या चेहऱ्यावर जात असे. मॉइज माजी खेळाडू नव्हते, पण कॅमेऱ्याला त्याने फरक पडला नसता.

घोषणा

घोषणेची वेळ चुकली तर चांगली योजनाही फसते. फर्ग्युसन यांनी २००१-०२ च्या हंगामाअखेर निवृत्त होण्याचे खूप आधी जाहीर केले होते. त्या हंगामात संघाची पकड ढिली पडली, फेब्रुवारीत त्यांनी निर्णय फिरवला आणि आधी जाहीर करणे ही चूक होती, असे स्वतःच मान्य केले. जाणाऱ्या माणसाचे शब्द खेळाडू अर्धवट कानाने ऐकतात. माझ्या अंदाजाने हंगामाचे शेवटचे दोन-तीन महिने उरले असताना निवृत्तीची घोषणा करावी आणि आठवड्याच्या आत उत्तराधिकाऱ्याचे नाव सांगावे, म्हणजे तर्कवितर्कांना जागा उरत नाही.

ज्यांना हे पद मिळाले नाही त्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. विशेषतः जुन्या प्रशिक्षकाचा वर्षानुवर्षांचा सहायक, जो स्वतःला वारस समजत असतो, त्याच्याशी अध्यक्षांनी घोषणेच्या आदल्या दिवशी बोलावे, आणि तो नव्या व्यवस्थेत मनापासून राहणार नसेल तर त्याला सन्मानाने मोकळे करावे. लिव्हरपूलमध्ये जो फेगन, रॉनी मोरन, रुबेन बेनेट ही शँक्लींची माणसे पेझ्लींच्या हाताखाली तशीच राहिली आणि १९८३ मध्ये फेगन स्वतः मॅनेजर झाले. पण अशी एकदिलाची मंडळी गृहीत धरता येत नाही. नव्या प्रशिक्षकाला किमान एक सहायक स्वतःच्या पसंतीने, शक्यतो क्लबाबाहेरून, आणू द्यावा. घरच्या सर्वांना घरची प्रत्येक सवय बरोबर वाटते, आणि 'हे असे का करता' असे विचारणारा एक परका त्यामुळे फार उपयोगी पडतो.

ड्रेसिंग रूममधले पहिले आठवडे

नव्या प्रशिक्षकाला मंडळाने दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून त्याने नेमणुकीच्या दिवशीच बाहेर पडावे आणि जुन्या मित्रांना तसे आधी फोन करून सांगावे. जुने टोपणनाव घेऊन हाक मारायची की 'कोच' म्हणायचे, हा प्रश्न आपोआप सुटू देण्यापेक्षा त्यानेच पहिल्या बैठकीत हसत-हसत सोडवून टाकावा. दुसरी, पहिला कठीण निर्णय त्याने लवकर घ्यावा. ग्वार्डिओला यांनी २००८ मध्ये पद स्वीकारताच रोनाल्डिन्हो आणि डेको यांच्याशिवाय संघ बांधणार असल्याचे सांगितले. ज्या चावी एर्नांडेझ या खेळाडूसोबत ते स्वतः पूर्वी खेळले होते, त्याला व इतर जुन्या खेळाडूंना त्यातून जे समजायचे ते समजले. तरीही निर्णय कठीण असणे आणि दिखाऊ असणे यांत अंतर आहे. आपला वचक बसावा म्हणून एखाद्या ज्येष्ठाला उगाच वगळणाऱ्या प्रशिक्षकाचा डाव खेळाडू दोन दिवसांत ओळखतात.

सराव पद्धतीत, जेवणाच्या वेळांत, प्रवासाच्या शिस्तीत मात्र पहिल्या दीड-दोन महिन्यांत फारसे बदल करू नयेत. माजी खेळाडू नेमण्याचा मुख्य लाभ म्हणजे चाललेले चक्र न थांबणे, तो स्वतःहून गमावू नये.

करार आणि संयम

करार किमान तीन हंगामांचा असावा, त्यात संघनिवड आणि सहायकांची निवड पूर्णपणे प्रशिक्षकाची राहील असे स्वच्छ लिहावे, आणि पदनामाबाबत काटकसर करू नये. पहिल्या हंगामाचे मूल्यमापन केवळ गुणतक्त्यावरून करायचे ठरवले असते तर पेझ्ली यांचे नाव आज कोणाला आठवले नसते, कारण १९७४-७५ मध्ये लिव्हरपूल दुसरे आले आणि एकही मोठा करंडक मिळाला नाही. ग्वार्डिओला यांच्या बार्सिलोनाला पहिल्या दोन लीग सामन्यांत मिळून एकच गुण मिळाला होता; त्याच हंगामात त्यांनी तिन्ही मोठे करंडक जिंकले. आर्टेटा यांचा आर्सेनल दोन हंगाम सलग आठवा आला, आणि त्यानंतर २०२२-२३ पासून ओळीने तीन वेळा दुसरा. मंडळाने वर्षातून तीनदा प्रशिक्षकासोबत बसून पाहावे ते असे: तरुण खेळाडू सुधारत आहेत का, दुखापती वाढल्या आहेत का, बाकावर बसलेले खेळाडू अजून मनापासून सराव करतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सलग दोन बैठकांत 'नाही' असे आले, तर काळजी करावी, मग संघ तक्त्यात कुठेही असो.

आणि नेमणूक फसलीच तर पुढे काय, हेही पहिल्या करारातच लिहून ठेवावे. १९७० च्या डिसेंबरात मॅकगिनेस यांना पदावरून हटवून पुन्हा राखीव संघावर पाठवण्यात आले आणि थोड्याच काळात ते क्लब सोडून गेले. ज्या खेळाडूंवर काल हुकूम चालवला त्यांच्याच डोळ्यांदेखत खालच्या पायरीवर काम करणे कोणालाही जमणारे नव्हते. म्हणून करारात भरपाईची रक्कम, घोषणेचा मसुदा दोघांनी मिळून तयार करण्याची अट आणि किमान एक वर्ष क्लबातील कोणतेही दुय्यम पद देऊ न करण्याची तरतूद असावी. माजी खेळाडू म्हणून सामन्याच्या दिवशी त्याला मिळणारी जागा मात्र या कराराशी जोडू नये. ती त्याने खेळून मिळवलेली असते.